नेमलेलें पुस्तक आणि आपलें खरें मत



जून महिन्यांत शाळा उघडते, नव्या पुस्तकांस वेष्टनें घातलीं जातात, पहिल्या पानावर सुबक अक्षरांत नांव लिहिलें जातें. आणि दिवाळी येते न येते तोंच त्या पुस्तकांविषयीं प्रत्येकाचें मत बनून जातें. हें मत दोन प्रकारचें असतें. एक मधल्या सुटींत झाडाखालीं उभें राहून सांगावयाचें, व दुसरें उत्तरपत्रिकेंत लिहावयाचें. पहिलें बहुधा एकाच शब्दाचें असतें : 'कंटाळवाणें.' दुसरें चांगलें दहाबारा ओळींचें असतें. त्यांत 'हृदयस्पर्शी', 'ओघवती भाषा', 'संस्कारक्षम' असे भारदस्त शब्द असतात, आणि तें वाचून परीक्षकाची अशी समजूत व्हावी कीं, हा मुलगा हें पुस्तक उशाशीं घेऊनच झोंपत असला पाहिजे. नवलाची गोष्ट ही कीं, हीं दोन्ही मतें एकाच मुलाचीं असतात.

माझ्या समजुतीप्रमाणें यांपैकीं एकही खरें मत नव्हे. झाडाखालचें मत मनापासूनचें असेल, परंतु तें मत नसून नुसता उद्गार आहे. उत्तरपत्रिकेंतलें मत मतासारखें दिसतें, परंतु तें आपलें नसतें. तेव्हां आपलें मत म्हणजे काय, तें कसें बनवावें व कसें मांडावें, हा आजच्या धड्याचा विषय आहे. या धड्यांत मीही एक विद्यार्थी आहें, हें पुढें दिसून येईल.

प्रथम, पुस्तक नेमावेंच कां, असें कोणी विचारील. ज्यास जें आवडेल तें त्यानें वाचावें, हें अधिक बरें नव्हे काय? बरें खरें, आणि तसें वाचन प्रत्येकानें करावेंच. परंतु आपण स्वतः पुस्तक निवडतों तें बहुधा आधीं आवडलेल्या पुस्तकासारखेंच निवडतों. मित्र आपण निवडतों, पाहुणा मात्र न निवडतां दारीं येतो, आणि कित्येकदां त्या पाहुण्याकडूनच घरांतील मुलांस नव्या मुलखाची वार्ता कळते. नेमलेलें पुस्तक हा असा पाहुणा आहे. त्याचें स्वागत करणें आपलें काम. तो मित्र व्हावा कीं न व्हावा, हें मात्र भेटीनंतर ठरावयाचें.

मराठी शाळांत ही चाल जुनी आहे. परशुरामतात्या गोडबोले यांनीं निवडलेल्या जुन्या कवितेचा 'नवनीत' हा संग्रह १८५४ सालीं निघाला, आणि कित्येक पिढ्यांनीं मोरोपंत व वामनपंडित यांची पहिली ओळख त्याच पुस्तकांतून करून घेतली. पुढें विसाव्या शतकांत, स्वतः शाळेंत शिकविलेल्या आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांनीं 'नवयुग वाचनमाला' सिद्ध केली. मुलांस गोडी वाटेल असे धडे असावेत, हा तिचा रोख होता. १९६७ सालीं पुण्यास 'बालभारती' ही पाठ्यपुस्तकें तयार करणारी संस्था स्थापन झाली, व तिच्या पुस्तकांतील धडेही वेळोवेळीं बदलत आले आहेत. पाठ्यपुस्तकें आकाशांतून पडत नाहींत. कोणीतरी तीं निवडतो, कोणीतरी शिकवितो, आणि वाचणारांस काय रुचलें, काय समजलें, याचा अंदाज घेऊन पुढची निवड होते. मग वाचणारांनीं खरें सांगितलेंच नाहीं, तर निवडणारांस तें कळावें कसें?

आतां एक उदाहरण घेऊं. माझ्या नववीच्या वर्गास पुरवणी वाचनासाठीं साने गुरुजींचें 'श्यामची आई' हें पुस्तक नेमलें होतें. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील पालगड येथें झाला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत ते शिक्षक होते. स्वातंत्र्याच्या चळवळींत त्यांस तुरुंगवास घडला, आणि नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालच्या फेब्रुवारींत, ९ तारखेपासून १३ तारखेपर्यंतच्या पांच दिवसांत, त्यांनीं हें पुस्तक लिहिलें. तें १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. आश्रमांतील मित्रांस श्याम रोज रात्रीं आपल्या आईची एक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी असून छापील पुस्तकांत अशा ४२ रात्री आहेत. १९५३ सालीं अत्रे यांनीं त्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. सारांश, हें पुस्तक असें आहे कीं, त्याच्याविषयीं वावगा शब्द काढणें म्हणजे घरांतल्या वडील माणसासमोर मोठ्यानें बोलण्यासारखें वाटतें. म्हणूनच खऱ्या मताची कसोटी पाहण्यास तें योग्य आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर मीं वर्गास सांगितलें, "एका पानांत या पुस्तकाविषयीं आपलें मत लिहा. यास गुण नाहींत. जें वाटलें असेल तेंच लिहा." दुसऱ्या दिवशीं वह्या आल्या. निम्म्याहून अधिक वह्यांत आरंभाचीं चार वाक्यें अक्षरशः एकच होतीं. बाजारांत मिळणाऱ्या मार्गदर्शिकेंतून तीं उतरलीं होतीं, आणि त्या मार्गदर्शिकेंतला एक मुद्रणदोषसुद्धां मुलांनीं इमानेंइतबारें उतरून घेतला होता.

प्रथम मला राग आला. पण या मुलांस बोल तरी काय म्हणून लावावा? दोन वर्षांपूर्वीं एका मुलानें परीक्षेंत लिहिलें होतें : 'मला हें पुस्तक आवडलें नाहीं. त्यांत रडणें फार आहे.' मीं त्यास दहांपैकीं दोन गुण दिले, व त्याच्या शेजारीं बसणाऱ्यास पाठ केलेल्या उत्तराबद्दल आठ. मुलें इतर गणितांत चुकतील, पण या हिशेबांत चुकत नाहींत. खरें मत दोन गुणांचें आणि उसनें मत आठ गुणांचें, हा धडा मींच शिकविला होता, व तो शाळेंत एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे पोंचला होता. दोष त्या मुलाच्या मतांत नव्हता. मत अपुरें होतें इतकेंच. तें पुरें कसें करावें हें दाखविणें माझें काम होतें, आणि तें न करतां मीं त्याचें तोंड बंद केलें.

त्या वह्यांच्या ढिगांत तीन वह्या मात्र निराळ्या निघाल्या.

पहिल्या वहींत एकच शब्द ठळक अक्षरांत लिहिला होता : 'रडकें.' या वेळीं मीं त्या मुलास जवळ बसवून विचारलें, "कोठें रडकें?" तो म्हणाला, "सगळीकडेच, सर." "सगळीकडे म्हणजे कोठें तें दाखव बरें." तो पानें चाळूं लागला. चाळतां चाळतां तो श्यामच्या पोहण्याच्या प्रसंगाशीं थांबला. इतर मुलें विहिरीवर पोहावयास जातात, श्याम भीतीनें लपून बसतो, आणि आई त्यास शोधून काढून, मार देऊन पोहावयास धाडते. "येथें मात्र नाहीं," तो म्हणाला. "येथली आई मला आवडली. ती रागावते." अर्ध्या तासानें त्यानें जें लिहून आणिलें तें असें : 'या पुस्तकांत पुष्कळ आठवणींचा शेवट अश्रूंनीं होतो, आणि एकामागून एक वाचतांना तें मला फार झालें. परंतु पोहण्याच्या प्रसंगीं आई मुलावर रागावते व मागून त्याची समजूतही घालते. तेथें ती मला सर्वांत खरी वाटली.'

मत तेंच, पण आतां त्यास हातपाय फुटले. त्यानें जागा दाखविली, कारण दिलें, आणि जें आवडलें नाहीं त्याच्या शेजारीं जें आवडलें तेंही ठेविलें. यावर मीं त्यास दोन गोष्टी सांगितल्या. एक अशी कीं, श्याम एका रात्रीं एकच आठवण सांगतो. आपण परीक्षेच्या आदल्या दिवशीं वीस रात्री एकदम उरकल्या, तर डोकें जड व्हावयाचेंच, व त्याचा सगळाच दोष लेखकाकडे जात नाहीं. दुसरी अशी कीं, साने गुरुजींची आई १९१७ सालीं वारली, आणि पुस्तक लिहिलें गेलें तें १९३३ सालीं, तुरुंगांत. सोळा वर्षांपूर्वीं गमावलेल्या माणसाविषयीं कोठडींत बसून लिहिणाऱ्याच्या लेखणींतून अश्रु कां येतात, हें समजून घ्यावें. समजून घेतल्यावरही ते अधिक वाटले, तर तसें खुशाल म्हणावें.

दुसरी वही एका मुलीची होती. तिनें 'अळणी भाजी' ही आठवण घेतली होती. ती थोडक्यांत अशी : आईच्या हातून भाजींत मीठ घालावयाचें राहून जातें. वडील कांहीं न बोलतां ती भाजी खातात. वडील बोलत नाहींत म्हणून मुलेंही बोलत नाहींत. शेवटीं आई जेवावयास बसते तेव्हां तिला तें कळतें, व अशी भाजी आपण सर्वांस वाढली याचें तिला फार वाईट वाटतें. जिनें कष्ट करून रांधलें तिला दुखवूं नये म्हणून आपल्या जिभेस आवर घालावा, हें या आठवणीचें तात्पर्य. मुलीनें लिहिलें होतें : 'ही गोष्ट मला आवडली, पण पटली नाहीं. वडिलांनीं पहिल्याच घासाला हळूच सांगितलें असतें, तर आईनें मीठ वाढलें असतें, सर्वजण नीट जेवले असते, आणि तिला मागाहून वाईटही वाटलें नसतें. शिवाय आई सर्वांच्या शेवटीं जेवते, म्हणूनच तिची चूक तिला सर्वांच्या शेवटीं कळते.'

तिच्या परवानगीनें मीं हें वर्गांत वाचून दाखविलें. क्षणभर शांतता झाली आणि मग वर्ग दुभंगला. एक मुलगा म्हणाला, "वडील बोलले असते तर ती कुरकुर झाली असती." ती म्हणाली, "सांगणें आणि कुरकुर करणें हीं एक नव्हेत." दुसरी एक मुलगी म्हणाली, "त्या काळीं घरोघर बायका शेवटींच जेवत." त्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "आमच्याकडे अजून आई शेवटींच जेवते." पुन्हां शांतता झाली. या वेळची शांतता निराळी होती.

ही आठवण मीं कितीतरी वर्षें शिकविली होती. परंतु तिच्यांत विचारण्यासारखा कांहीं प्रश्न आहे, हें माझ्या ध्यानांत कधीं आलें नव्हतें. आम्ही पुस्तक उघडून ती पुन्हां वाचली. तेव्हां एक गोष्ट दिसली. लेखकास केवळ वडिलांची थोरवी सांगावयाची असती, तर सर्वांनीं निमूटपणें भाजी खाल्ली, येथेंच त्यास थांबतां आलें असतें. तो थांबला नाहीं. आईला वाईट वाटलें, हेंही त्यानें सांगितलें. म्हणजे मुलीचा प्रश्न पुस्तकाच्या विरुद्ध नसून पुस्तकाच्या पोटांतच होता. तो बाहेर काढण्यास एक प्रामाणिक वाचक पाहिजे होता. वडिलांचें मौन थोर कीं मुलीचें सांगणें थोर, याचा निकाल त्या दिवशीं लागला नाहीं, व लागावा असेंही मला वाटलें नाहीं. पण त्या आठवड्यांत पुष्कळ मुलांनीं तीं पानें आपण होऊन पुन्हां वाचलीं, हें मीं पाहिलें.

तिसऱ्या वहींत एकच ओळ होती : 'मीं हें पुस्तक वाचलें नाहीं.' हा मुलगा अभ्यासांत नियमित. मीं त्यास एकीकडे बोलावून कारण विचारलें. तो खालीं पाहून म्हणाला, "सर, नांव पाहूनच मीं तें कपाटांत ठेवून दिलें." त्याची आई आदल्या वर्षीं वारली होती. हजेरीपटावर असल्या गोष्टी लिहिलेल्या नसतात. घरीं आल्यावर मीं त्याची सहामाहीची उत्तरपत्रिका काढून पाहिली. तींत त्यानें न वाचलेल्या पुस्तकाची तोंड भरून स्तुति केली होती, व आईच्या मायेविषयीं सहा पाठ वाक्यें लिहिलीं होतीं. खालीं माझ्या हातचा शेरा होता : 'उत्तम.'

मित्रहो, त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते. उसन्या मतानें मुलाचे गुण जात नाहींत. जातें तें दुसरेंच कांहीं. ज्या विषयीं त्याच्याजवळ वर्गांतल्या कोणाहूनही अधिक सांगावयाचें होतें, त्याच विषयावर त्याला दुसऱ्याचीं वाक्यें लिहावीं लागलीं, आणि शाळेनें तीं पसंत केलीं. जो आज पुस्तकाविषयीं मनांत एक व कागदावर एक लिहितो, तो उद्यां माणसांविषयीं व कामांविषयींही तसेंच बोलावयास शिकतो.

आतां या तीन वह्यांवरून जें शिकावयाचें तें थोडक्यांत सांगतों.

(१) आधीं पुस्तक पुरें वाचावें. मीठ आहे कीं नाहीं हें सांगण्याचा अधिकार ज्यानें घास घेतला त्यालाच. सारांश ऐकून वा चित्रपट पाहून बनलेलें मत हें त्या सारांशाविषयींचें वा चित्रपटाविषयींचें मत होय. आणि वाचलें नसेल तर 'वाचलें नाहीं' असें लिहावें. तें न वाचतां केलेल्या स्तुतीपेक्षां सहस्रपटींनीं बरें.

(२) 'समजलें नाहीं' व 'आवडलें नाहीं' यांत भेद करावा. याच पुस्तकांत पत्रावळीची आठवण आहे. शहरांतल्या कित्येक मुलांनीं पत्रावळ लावतांना कोणास पाहिलेलें नसतें, म्हणून त्यांस ती आठवण नीरस वाटते. एका मुलाच्या आजीकडून वडाचीं पानें व काड्या आणवून आम्ही वर्गांत पत्रावळी लावून पाहिल्या. एकाचीही धड झाली नाहीं. पण ज्यास पत्रावळ लावतां येत नाहीं त्याची फजिती कशी होते, हें सर्वांस चांगलें समजलें.

(३) जागा दाखवावी व कारण सांगावें. 'भाषा सुंदर आहे' असें म्हटल्यास कोणतें वाक्य, हें सांगतां आलें पाहिजे. 'कंटाळा आला' असें म्हटल्यास कोणत्या पानाशीं, हेंही सांगतां आलें पाहिजे. ज्या मतास पान नाहीं, तें मत पुस्तकाचें नव्हे.

(४) लेखकाचा काळ ध्यानांत घ्यावा, पण आपला काळ विसरूं नये. कोंकणांतील एका जुन्या घरांत आई शेवटीं जेवत असे, हें लेखकानें पाहिलें तसें लिहिलें. ती चाल आज चालूं ठेवावी कीं नाहीं, हें ठरविणें वाचणाराचें काम आहे.

(५) मत बदलण्यास संकोच नसावा. चौदाव्या वर्षीं जें पुस्तक जड वाटतें तें चाळिसाव्या वर्षीं हातांत धरवत नाहीं इतकें जवळचें वाटूं शकतें. आणि उलटही घडतें. आजचें मत आजच्या तारखेसह लिहून ठेवावें, म्हणजे पुढें तें वाचण्यांतही एक आनंद आहे.

पालकांस दोन शब्द. मुलानें घरीं येऊन "हें पुस्तक मला आवडत नाहीं" असें म्हटल्यास "तुला काय कळतें?" असें कृपा करून म्हणूं नये, तसेंच "गुण मिळाल्याशीं कारण" असेंही म्हणूं नये. पहिल्या वाक्यानें त्याचें बोलणें थांबतें, दुसऱ्यानें त्याचें वाचणें. "कोठें आवडलें नाहीं, मला वाचून दाखव" एवढेंच म्हणावें. दिवसाकाठीं दहा मिनिटें पुरतात. मुलगा वाचून दाखवील, आपण ऐकाल, आणि कदाचित् आपलें मतही त्याच्याहून निराळें निघेल. तसें निघाल्यास तेंही त्यास सांगावें. वडील माणसांचीं मतें निरनिराळीं असूं शकतात व तरीही घर शांत राहतें, हें मुलांनीं पाहणें फार उपयोगाचें आहे.

त्या तिसऱ्या मुलाविषयीं सांगून हा धडा संपवितों. मीं त्यास त्या पुस्तकाऐवजीं दुसरें वाचण्याची मोकळीक दिली. मार्च महिन्यांत, वार्षिक परीक्षेच्या थोडें आधीं, तो शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं आला. हातांत तेंच पुस्तक होतें. तो म्हणाला, "सर, आईच्या आजारापर्यंत वाचलें. पुढचें ठेवलें आहे." मीं विचारलें, "काय वाटलें?" तो जरा थांबला व म्हणाला, "हा लिहिणारा खोटें सांगत नाहीं."

मीं त्यास पुढें वाच असें म्हटलें नाहीं. ती पानें त्याचीं आहेत. तो त्याच्या वेळेनें त्यांच्याकडे जाईल. परंतु त्या पुस्तकाविषयीं इतकें नेमकें मत मीं दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलें नाहीं. आणि तें कोणत्याही मार्गदर्शिकेंत छापलेलें नाहीं.

स्वाध्याय

१. यंदा नेमलेल्या पुस्तकांपैकीं एकाविषयीं आपलें मत पांच वाक्यांत लिहा. पुस्तकांतील निदान दोन जागा दाखवा. मार्गदर्शिकेंतील एकही विशेषण वापरूं नका.

२. त्याच पुस्तकांतील आपणांस न समजलेली एक गोष्ट व न आवडलेली एक गोष्ट निरनिराळ्या लिहा. न समजलेली गोष्ट घरांतील वडील माणसास विचारून पहा व काय कळलें तें खालीं लिहा.

३. 'अळणी भाजी' ही आठवण घरीं मोठ्यानें वाचा. वडिलांनीं सांगावयास पाहिजे होतें कीं नाहीं, याविषयीं घरांतील प्रत्येकाचें मत विचारा. आईचें मत सर्वांच्या आधीं विचारा.